‘एक चिकित्सक अभ्यास’ : पण प्रश्न कुठं आहे?

अर्थशास्त्रात पीएचडीला अर्ज करायचा म्हटलं की पहिली धावपळ कागदांची. नेटचा निकाल, एम.ए.च्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, शिफारसपत्रं, शिवाय कुठल्या गाईडकडे जागा रिकामी आहे याची चौकशी. या सगळ्यात एक कागद नेहमी शेवटच्या आठवड्यात लिहिला जातो, तो म्हणजे संशोधन आराखडा. कुणी त्याला सिनॉप्सिस म्हणतं, कुणी प्रपोजल. बाकीचे कागद तुम्ही आजवर काय केलंत ते सांगतात. पुढची चार-पाच वर्षं तुम्ही काय करणार, हे सांगणारा कागद हा एकच. आणि तोच आपण सीनियरच्या जुन्या फाईलवरून उतरवतो.

आज या आराखड्याचीच समीक्षा करू या. आधी एक नमुना बघा. तो कुणा एकाचा नाही, मी जुळवलेला आहे. पण तुम्ही तो पाहिलेला असणार.

शीर्षक : ‘महिला स्वयंसहाय्यता बचत गटांच्या आर्थिक विकासातील योगदानाचा चिकित्सक अभ्यास : विशेष संदर्भ – सोलापूर जिल्हा (२०१० ते २०२०)’. उद्दिष्टे : बचत गटांची संकल्पना अभ्यासणे, जिल्ह्यातील गटांच्या कार्याचा आढावा घेणे, महिलांच्या जीवनमानात झालेले बदल अभ्यासणे, अडचणी जाणून घेऊन उपाययोजना सुचविणे. गृहीतक : ‘बचत गटांमुळे महिलांचे आर्थिक व सामाजिक सक्षमीकरण झाले आहे.’ पद्धती : ३०० सभासद महिलांची प्रश्नावली, टक्केवारी, काय-वर्ग चाचणी. मग प्रकरण योजना आणि संदर्भसूची.

आता एक साधा प्रयोग करा. ‘बचत गट’ खोडून ‘दूध संघ’ लिहा आणि ‘सोलापूर’ खोडून ‘सांगली’. उद्दिष्टांतला एकही शब्द हलवावा लागत नाही. जो आराखडा कुठल्याही विषयाला चपखल बसतो, त्यात त्या विषयाबद्दल काही म्हटलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. गृहीतक परत वाचा. ते खोटं ठरायचं असेल तर काय दिसायला हवं? ज्या बाया गटात आहेत, टिकून आहेत, सभेला येतात, त्यांनाच विचारायचं की तुम्हाला फायदा झाला का. बऱ्याचदा विचारताना गटाच्या अध्यक्षबाई शेजारीच बसलेल्या. यातून ‘नाही’ असं उत्तर येणार कसं? ज्यांना फायदा झाला नाही त्या गट सोडून गेल्या आणि यादीतूनही गेल्या. ज्यांना घरातून परवानगीच मिळाली नाही, त्या यादीत कधी आल्याच नाहीत. म्हणजे या परीक्षेत नापास होण्याची सोयच नाही. आणि जिथं नापास होता येत नाही तिथं पास होण्याला किंमत किती, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे.

एक गोष्ट इथं नोंदवली पाहिजे. जिल्ह्याची पाहणी करून नुसतं वर्णन करणं कमी दर्जाचं काम नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली, तेव्हा राष्ट्रीय नमुना पाहणी अस्तित्वातच नव्हती. ती १९५० मध्ये सुरू झाली. शहरात लोक किती कमावतात, कसे राहतात, हे कुणी मोजलंच नव्हतं, म्हणून ते मोजणं हाच मोठा प्रश्न होता. आज घरोघरच्या रोजगाराची आकडेवारी नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात आहे, बायकांचा घरातल्या निर्णयांतला सहभाग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. साचा तोच राहिला, त्यामागचं कारण मात्र बदललं. आजही एखादी गोष्ट कुणीच मोजली नसेल तर खुशाल मोजा. पण ती कुणी मोजलेली नाही, हे आराखड्यात आधी दाखवा.

उत्तर उलटंही निघू शकतं

‘सक्षमीकरण झाले आहे’ हे गृहीतक हरूच शकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हैदराबादचं उदाहरण. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रेचेल ग्लेनर्स्टर आणि सिंथिया किनन यांनी तिथल्या १०४ वस्त्या घेतल्या. एका मायक्रोफायनान्स कंपनीनं त्यांपैकी निम्म्या, म्हणजे ५२ वस्त्यांत आधी काम सुरू करायचं ठरलं, आणि त्या वस्त्या कुठल्या हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं. कर्ज बायकांच्या गटांना. मग दोन्ही प्रकारच्या वस्त्यांतल्या घरांची तुलना केली. हा पेपर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधीपासून धंदा असलेल्या घरांनी धंद्यात गुंतवणूक वाढवली, हे दिसलं. पण मुलांचं शिक्षण, आरोग्य, बायकांचा घरातला अधिकार यांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

याचा अर्थ ‘बचत गट निरुपयोगी’ असा होत नाही. ती कंपनी होती, बचत गट नव्हे. ते शहर होतं, खेडं नव्हे. मुद्दा इतकाच की तिथं उत्तर ‘हो’ येऊ शकत होतं आणि ‘नाही’ही येऊ शकत होतं. अभ्यास केल्याशिवाय कुणालाच ते सांगता आलं नसतं. म्हणून तो अभ्यास.

यावर तुम्ही म्हणाल, वस्त्यांच्या चिठ्ठ्या टाकायला कोण देणार आम्हाला? खरं आहे. पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे इतका पैसा नसतो आणि दर वेळी तशी गरजही नसते. न टाकलेल्या चिठ्ठीचं काम दुसरं काहीतरी करतं का, हे शोधता येतं. त्याचं मला आवडणारं उदाहरण आपल्या दादरमधलं आहे.

दादरच्या शाळा

कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांचा पेपर २००६ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त आला. त्यांनी दादरमधल्या शाळांत दोन दशकांत, १९८२ पासून २००१ पर्यंत, दाखल झालेल्या मुलामुलींच्या घरांची पाहणी केली. घरं मराठी, शाळा काही मराठी माध्यमाच्या, काही इंग्रजी. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, कचेरीतल्या नोकऱ्यांचा मोबदला वाढला, म्हणजे इंग्रजी शाळेची किंमतही वाढली. मग सगळ्याच जातींतली मुलं सारख्या वेगानं इंग्रजी शाळांकडे वळली का?

त्यांना दिसलं ते असं. कामगारवर्गातल्या, तथाकथित खालच्या जातींतल्या मुली झपाट्यानं इंग्रजी शाळांत गेल्या. त्याच जातींतले मुलगे मात्र मराठी शाळांतच जास्त राहिले. लेखकांचं स्पष्टीकरण असं : मुंबईत कामगाराची नोकरी ओळखीनं लागते. काका, मामा, गाववाला, जातवाला कुणीतरी ‘लावून देतो’. हे जाळं पुरुषांचं होतं. मुलानं ते सोडलं तर तो एकटा पडतो आणि जाळंही थोडं विरतं, म्हणून मुलाला त्याच वाटेवर ठेवण्याकडे कल राहतो. मुलीला त्या जाळ्यातून कधी काही मिळालंच नव्हतं, त्यामुळे तिला धरून ठेवणारंही काही नव्हतं.

पेपरातली सगळ्यात मोलाची चाल ही मुला-मुलींची तुलना आहे. समजा लेखकांनी फक्त मुलगे पाहिले असते, तर तुम्ही लगेच म्हणाला असता : अहो, गरिबी असेल, इंग्रजी शाळेची फी परवडत नसेल. किंवा आईवडील शिकलेले नसतील, किंवा भाषेचा अभिमान असेल. पण त्याच घरात, त्याच आईवडिलांच्या पोटी मुलगीही आहे. गरिबी अडवत असती तर तिलाही अडवलं असतं. आपल्याकडचा रिवाज पाहता तिला आधी अडवलं असतं. ‘गरिबी’ या स्पष्टीकरणातून मुलगीही मागे राहायला हवी आणि ‘जाळं’ या स्पष्टीकरणातून मुलगी पुढं जायला हवी. दोन स्पष्टीकरणं इथं वेगळी होतात, आणि कुठली टिकते ते डेटा सांगतो. तुमच्या आराखड्यात शोधायची जागा नेमकी हीच : दोन स्पष्टीकरणं कुठं वेगळी होतात?

आणि एक सावधगिरी. हा पेपर वाचून काही जण लगेच ‘मराठी माध्यम वाईट’ किंवा ‘हा मराठीवर हल्ला’ अशा गटांत वाटले जातात. पेपर त्यातलं काहीही म्हणत नाही. कुठली शाळा चांगलं शिकवते, हा त्याचा प्रश्नच नाही. कुठली शाळा कुठल्या नोकरीकडे नेते आणि ती वाट कोण निवडतं, हा आहे. पेपर काय म्हणतो आणि त्यानं काय म्हणावं असं आपल्याला वाटतं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणं ही संशोधनाची पहिली शिस्त.

आता या पेपरात उणं काय?

नुसतं कौतुक करून आराखडा लिहिता येत नाही. संदर्भ साहित्याच्या आढाव्यात ‘अमुक यांनी अमुक अभ्यास केला’ अशी वाक्यं आपण रांगेनं मांडतो. ती यादी झाली, आढावा नाही. ज्याच्यात पुढं काय राहिलं ते दिसतं, तो आढावा. तर या पेपरावर मी तीन शंका घेईन.

पहिली, मुलींबद्दल. मुलीला नोकरीचं जाळं नव्हतं, हे मान्य. पण इंग्रजी शाळेचा मुलीला होणारा फायदा फक्त नोकरीतूनच येतो का? स्थळ बघताना ‘मुलगी इंग्लिश मीडियमची आहे’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. लग्नाच्या बाजारात तिची किंमत वाढत असेल, तर मुली इंग्रजीकडे वळण्याचं कारण ‘जाळं नाही’ हे नसून ‘स्थळ चांगलं मिळतं’ हेही असू शकतं. पेपरात लग्नांबद्दल काय दिलंय आणि त्यानं ही शंका किती फिटते, हे स्वतः वाचून ठरवा. हा अभ्यास तुमच्यासाठी.

दुसरी, काळाबद्दल. हिशेब सोपा आहे. १९९१ मध्ये पहिलीत गेलेला मुलगा २००१ मध्ये सोळा वर्षांचा. २००१ मध्ये गेलेला सहा वर्षांचा. म्हणजे आर्थिक सुधारणांनंतरच्या ज्या मुलांबद्दल हा पेपर बोलतो, त्यांच्यापैकी जवळपास कुणाचीच कमाई तेव्हा दिसू शकत नव्हती. दिसत होती ती शाळेची निवड. मुलगे ‘मागे राहतील’ हा त्या निवडीवरून काढलेला अंदाज आहे. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण ती मुलं आज साधारण तिशी ते चाळिशीत आहेत. मराठी शाळेत राहिलेले मुलगे आज कुठं आहेत? त्यांच्या बहिणी कुठं आहेत? पेपर लिहिताना जो अंदाज होता, तो आज मोजता येण्यासारखा आहे. पीएचडीचा एक अख्खा प्रश्न इथं पडलेला आहे.

तिसरी शंका घ्यायला मराठी वाचकच लागतो. पहिली तुकडी १९८२ ची. त्याच वर्षी जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दादरला लागूनच परळ, लालबाग, म्हणजे गिरणगाव. गिरण्यांतली भरती जॉबर, गाववाले, नातेवाईक यांच्या ओळखीनं व्हायची. कामगाराच्या जाळ्याचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. पण संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. मग ज्या नोकऱ्यांसाठी मुलाला जाळ्यात ठेवायचं, त्या नोकऱ्या उरल्या किती? कुठल्या जातीचं जाळं गिरणीवर टेकलेलं होतं आणि कुठलं बंदरावर, रेल्वेवर किंवा महापालिकेवर? जाळं खरोखर कारण असेल, तर ज्या जातींचं जाळं गिरण्यांबरोबर तुटलं, तिथले मुलगे लवकर इंग्रजीकडे वळायला हवेत. तसं दिसलं तर लेखकांचं म्हणणं आणखी पक्कं होतं. नाही दिसलं, तर त्याला तडा जातो. उत्तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं.

या तिसऱ्या शंकेसाठी मोठं गणित लागलं नाही. लागली ती मुंबईची माहिती, जी तुमच्याकडे घरबसल्या आहे आणि बाहेरच्या संशोधकाला कष्टानं मिळवावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अर्ज भरताना उगाच न्यूनगंड असतो की आपल्याकडे काही नाही. आपल्याकडे हे आहे. पण आपण ते आराखड्यात लिहीत नाही, कारण साच्यात त्यासाठी रकाना नसतो.

परत बचत गटांकडे

आता सोलापूरचा आराखडा पुन्हा हातात घेऊ. विषय फेकून द्यायची गरज नाही, त्यात प्रश्न आणायचा आहे. उदाहरणार्थ : गटाचं कर्ज मिळू लागलं की सावकाराचं कर्ज कमी होतं, की दोन्ही जोडीनं चालतात? दोन्ही शक्य आहेत. स्वस्त कर्ज मिळालं तर महागडं सोडेल, हे एक. गटाचा हप्ता ठरल्या तारखेला भरायचाच असतो, म्हणून त्या दिवसापुरते सावकाराकडून उचलावे लागतात, हे दुसरं. हैदराबादेत अनौपचारिक कर्ज घेणाऱ्या घरांचं प्रमाण काहीसं घटलं होतं. पण पगार किंवा रोजची कमाई येणाऱ्या शहरातलं चित्र, पीक निघेल तेव्हाच पैसा येणाऱ्या गावात लागू पडेलच असं नाही. मग गटाचा हप्ता आणि पिकाचा पैसा यांच्या तारखा जिथं जुळतात आणि जिथं जुळत नाहीत, अशा बायकांची तुलना करता येईल. बघा, दोन स्पष्टीकरणं वेगळी होण्याची जागा सापडली.

तुलना कुणाशी? राज्यात ‘उमेद’ अभियान सगळ्या तालुक्यांत एकाच दिवशी गेलं नाही, टप्प्याटप्प्यानं गेलं. आधी पोचलेले आणि नंतर पोचलेले तालुके, ही तुलनेची एक शक्यता. पण लगेच पुढचा प्रश्न स्वतःलाच विचारा : आधीचे तालुके निवडले कशावरून? गरिबीवरून निवडले असतील तर तुलना तिथंच लंगडी पडते. आणि डेटा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जिल्ह्याची ओळख मिळते, तालुक्याची थेट मिळत नाही. म्हणजे तालुक्यांची तुलना त्यावर बेतता येणार नाही, स्वतःची पाहणी करावी लागेल. ही अडचण आराखड्यात लपवू नका, स्पष्ट लिहा. अडचण कुठं येणार हे ज्याला आधीच दिसतं, त्यानं विषयात हात घातलाय हे वाचणाऱ्याला कळतं.

हे सगळं कशासाठी, असं वाटत असेल तर प्रवेशाचा हिशेब बघा. नेटच्या गुणांवर पीएचडीला येणाऱ्यांसाठी आता परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे. जेआरएफ असेल तर मुलाखतीवरच निवड. मुलाखतीत तुमच्यासमोर बसलेल्यांच्या हातात तुमचा आराखडा असतो. ‘तुमचं गृहीतक चुकलं तर काय दिसेल?’ हा एक प्रश्न विचारला की पाठ केलेला साचा कोसळतो. ब्रिटनमधल्या अनेक विद्यापीठांतही आराखडा मागतात. अमेरिकेत एसओपी असते. तिथं पहिलं वर्ष सूक्ष्म, समग्र आणि अर्थमितीच्या अभ्यासक्रमात जातं, प्रबंधाचा विषय नंतर ठरतो, म्हणून तिथं पक्का आराखडा नको असतो. पण तिथंही ‘लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड होती’ या वाक्यानं काही सिद्ध होत नाही. एखादा पेपर तुम्ही कसा वाचला, त्यात काय पटलं आणि काय खटकलं, याच्या चार ओळी त्याहून खूप काही सांगतात.

काही गाईड तुम्हाला म्हणतील, विद्यापीठाच्या नमुन्यातच लिहा. जरूर लिहा. शीर्षकात ‘चिकित्सक अभ्यास’ लागतं तर तेही असू द्या, त्यावरून भांडू नका. पण गृहीतकाच्या रकान्यात हरू शकणारं वाक्य लिहा आणि पद्धतीच्या रकान्यात तुलना कुणाशी ते लिहा. एवढ्याला कुठलाही नमुना आडवा येत नाही.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक काम करा. बॅनर्जी, मुखर्जी, मुन्शी आणि रे यांचा महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवरचा २००१ चा पेपर मिळवा. मोठे बागायतदार, लहान शेतकरी आणि उसाचा भाव, असा विषय आहे. तो तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. गणिताची पानं पहिल्या वाचनात सोडून दिली तरी चालेल. वाचल्यावर वहीत तीन ओळी लिहा : प्रश्न काय आहे? उत्तर दुसरं काय निघू शकलं असतं? आणि कारखान्याच्या गटातला शेतकरी हा पेपर वाचून कुठल्या वाक्यावर म्हणेल, ‘साहेब, हे तेवढं असं नाही’? ती तिसरी ओळ जपून ठेवा. तुमच्या आराखड्याची सुरुवात बहुतेक तिथूनच होईल.